पाच डॉलरची नस्ती

पाच डॉलरमध्ये टोरांटोत काय येतं? एक कॉफी, एक डोनट, आणि नशीब चांगलं असेल तर थोडी चिल्लर परत. याच पाच डॉलरमध्ये आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे आपल्याच बायकोच्या अर्जावर सरकारी अधिकाऱ्याने काय लिहून ठेवलंय त्याची पीडीएफ. महिनाभर थांबायची तयारी मात्र पाहिजे.

गेल्या वीकांतांना ज्या विषयांवर खरडलं त्यांच्या मानाने आजचा विषय रुक्ष आहे, कबूल. पण माझ्या ओळखीत पंचविशी-तिशीतले निदान दहा जण या चक्रातून गेलेत किंवा जातायत. कुणाची बायको पुण्यात, कुणाचा नवरा ठाण्यात, कुणाचे आई-बाबा नाशकात. आणि दहाही जण कधी ना कधी "नोट्स काढल्यास का रे?" या प्रश्नापाशी येऊन थांबतात. या प्रश्नाबद्दल मला राग आहे, तो आज ओकून टाकणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॅनडाचं इमिग्रेशन खातं, म्हणजे आयआरसीसी, सगळे अर्ज जीसीएमएस नावाच्या एका मोठ्या सिस्टिममध्ये ठेवतं. परदेशातल्या कचेऱ्यांमध्ये २०१०-११ च्या सुमारास ती आली आणि त्याआधीची कैप्स नावाची सिस्टिम निवृत्त झाली. तुमच्या अर्जाची पात्रता, मेडिकल, गुन्हेगारी तपासणी, सुरक्षा तपासणी, कुठलं पत्र कधी गेलं, कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला, हे सगळं तिथे असतं. आपल्या मंत्रालयाच्या भाषेत सांगायचं तर ही तुमची 'नस्ती', आणि त्यातलं अधिकाऱ्याचं लिखाण म्हणजे 'टिपणी'. कॅनडात माहिती मिळवण्याचा कायदा १९८३ पासून लागू आहे. त्याखाली नागरिक, पीआर किंवा कॅनडात हजर असलेली कोणतीही व्यक्ती पाच डॉलर भरून ही नस्ती मागू शकते. दुसऱ्याची असेल तर त्याची लेखी संमती लागते. खात्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, नाहीतर मुदतवाढ घेतली असं कळवायचं. २०२२ पर्यंत पुण्यात बसलेल्या माणसाला प्रायव्हसी कायद्याखाली स्वतःची फाइल मागताच येत नव्हती. त्या वर्षी जुलैत ती दुरुस्ती झाली, आणि त्या वाटेला तर फीही नाही.

ऐकायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

आमची गोष्ट फार नाट्यमय नाही. लग्न झालं, मी इकडे परत आलो, बायकोची स्पॉन्सरशिप टाकली. स्वतः फॉर्म भरायचा कंटाळा (होय, दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिमचे बग शोधणाऱ्या माणसाला २० पानी फॉर्मचा कंटाळा) म्हणून एक कन्सल्टंट गाठला. तो कोण, ते सोडा. पहिले काही महिने "सगळं व्यवस्थित आहे सर" असे मेसेज येत होते. मग मेसेज यायचेही थांबले. ट्रॅकरवर एकच ओळ: पार्श्वभूमी तपासणी सुरू आहे. एक दिवाळी व्हॉट्सॅपवर गेली. दुसरी जवळ यायला लागली. सासूबाई फोनवर काही विचारायच्या नाहीत, पण बायकोला म्हणायच्या, "त्यांना म्हणावं काळजी घ्या हो, होईल सगळं." त्या न विचारण्याचा जो ताण असतो ना, तो मॅनेजरच्या कुठल्याही मेलमध्ये नसतो.

अकराव्या महिन्यात मी बायकोच्या संमतीचा फॉर्म जोडून नोट्स मागवल्या. महिन्याभराने पीडीएफ आली. काही ठिकाणी मजकूर झाकलेला, बाकी कोड आणि तारखा. पात्रता: पास. मेडिकल: पास. गुन्हेगारी तपासणी: बाकी. आणि मग खाली एक साधीशी ओळ. अर्जदार शिक्षणासाठी यूकेमध्ये वर्षभर होती, तिथलं पोलिस सर्टिफिकेट फाइलवर नाही, प्रतिनिधीला पत्र पाठवलं. तारीख चार महिन्यांपूर्वीची.

सर्टिफिकेट आमच्याकडे होतं! अर्ज टाकायच्या आधीच मागवलेलं. कन्सल्टंटला मेल केलेलं. त्याने ते जोडलंच नव्हतं, आणि प्रतिनिधी म्हणून आलेलं पत्र चार महिने त्याच्या इनबॉक्समध्ये पडून होतं. चूक त्याची. थोडी माझीही, कारण मी काय अपलोड झालं त्याची यादी कधी मागितलीच नाही. दुसऱ्या दिवशी कागद चढवला, प्रतिनिधीचं नाव काढून टाकलं, आणि फाइल हलली. बायको आता इथे आहे, आत्ता पलीकडच्या खोलीत कुणाशी तरी फोनवर माझ्याच बद्दल तक्रार करते आहे. शेवट गोड.

पण विचार करा. ही ओळ चार महिने सिस्टिममध्ये होती. त्यात कुठलंही राष्ट्रीय गुपित नव्हतं. आणखी काही आठवडे गेले असते तर मेडिकलचे १२ महिने भरून ते पुन्हा करावं लागलं असतं. आणि कागद मागूनही दिला नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला असता, तर भांडायला तोंडही नव्हतं. सगळ्यांच्या हिताची ती एक ओळ वाचण्यासाठी माहितीचा कायदा वापरावा लागला. म्हणजे एखाद्याच्या घराला बाहेरून कडी लागलीय हे कळायला त्याने कोर्टातून नकाशा मागवायचा, तसलं हे.

तर माझा मुद्दा हा: नोट्स मागायची सोय आहे हे चांगलंच. पण लाखो लोकांना ती वापरावी लागते ही नामुष्की आहे. स्वतःच्या फाइलचा साधा हिशेब माणसाला न मागता मिळाला पाहिजे, आणि नकार असेल तर त्याचं कारण नकाराच्याच पाकिटात मिळालं पाहिजे.

लाखो हा शब्द मी उगाच नाही वापरला. कॅनडाच्या माहिती आयुक्त कॅरोलिन मेनार्ड यांनी २०२१ मध्ये या खात्याबद्दल खास अहवाल दिला. त्यानुसार २०१९-२० या एका आर्थिक वर्षात या एका खात्याकडे १ लाख १६ हजारांहून जास्त माहिती-अर्ज आले, आणि त्यातले जवळपास सगळे इमिग्रेशनच्या फाइलींसाठी होते. संपूर्ण केंद्र सरकारात इतके अर्ज दुसऱ्या कुठल्याच खात्याकडे येत नाहीत. आयुक्तांचं म्हणणं थोडक्यात हेच होतं, की लोकांना अर्जाची माहिती दुसऱ्या सरळ मार्गाने द्या, म्हणजे ते माहितीच्या कायद्याच्या दारात रांग लावणार नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत कुटुंब स्पॉन्सरशिपसाठी ऑनलाइन ट्रॅकर आला खरा. पण "सुरू आहे", "पूर्ण", "आवश्यक नाही" एवढंच सांगणारा ट्रॅकर म्हणजे नुसता लाल-हिरवा दिवा. दिवा लाल का आहे ते लॉगमध्ये. आणि लॉग पाच डॉलर भरल्यावर!

आमच्या धंद्यात एखादी टीम दिवसाला शेकडो लोकांना हाताने लॉग काढून पाठवत असेल, तर कुणीतरी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारेल, अरे त्यांना एक स्क्रीनच का नाही देत? प्रत्येक माहिती-अर्ज हातावेगळा करायला माणूस लागतो. तो फाइल काढणार, वाचणार, झाकायचं ते झाकणार, पाठवणार. पाच डॉलरमध्ये त्याचा पगार निघत नाही. म्हणजे ही पद्धत अर्जदाराला त्रासाची आणि खात्यालाही महाग. असा दुहेरी तोट्याचा व्यवहार वर्षानुवर्षं चालतो कारण तो कुणाच्याच बजेटमध्ये 'बग' म्हणून लिहिलेला नसतो.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप, बहुतेक वेळा आपल्याच लोकांकडून: "व्हिसा हा हक्क नाही, मेहेरबानी आहे. ते देतील तेव्हा घ्यायचं." बरं, प्रवेश हा परदेशी माणसाचा हक्क नाही, मान्य. पण स्पॉन्सरशिपच्या अर्जात दोन माणसं असतात. एक पुण्यात, आणि दुसरा इथला नागरिक नाहीतर पीआर, जो इथे कर भरतो आणि सरकारला लेखी हमी देतो की तीन वर्षं या व्यक्तीचा खर्च माझ्यावर, तिने सरकारी मदत घेतली तर ती परत करायला मी बांधील. (आई-वडिलांसाठी ही हमी क्विबेक सोडून २० वर्षांची असते. वीस!) ज्याच्याकडून वीस वर्षांची सही घेता, त्याला "फाइल कुठे अडली" एवढं सांगणं ही मेहेरबानी कशी?

दुसरा आक्षेप: सुरक्षा. सुरक्षा संस्थांनी काय तपासलं, कुणी टीप दिली, हे उघड करता येणार नाही. अगदी बरोबर, करूही नका. कायद्यातच त्यासाठी कलमं आहेत आणि नोट्समध्ये तो भाग झाकलेलाच येतो. म्हणजे काय झाकायचं आणि काय नाही हे खात्याला पक्कं माहीत आहे. मग जे झाकत नाही, ते आधीच दाखवायला हरकत काय? "यूकेचा कागद नाही" यात कोणती सुरक्षा?

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: अधिकाऱ्याचे विचार दिसले तर लोक त्यानुसार पुरावे रचतील, खोटी लग्नं करणाऱ्यांना शिकवणीच मिळेल. पण याचं उत्तर सोपं आहे. नोट्स आजही मिळतातच. ज्याला रचायचंय, जो एजंटला हजारो डॉलर देतो, तो त्या काढतोच. ज्याला ही वाट माहीतच नाही, तो सरळ माणूस तेवढा अंधारात राहतो. म्हणजे ही अडचण लबाडाला पाच डॉलरची आणि भाबड्याला वर्षभराची.

आणि टिपणी उघड झाल्याने काय होतं याचं उदाहरण हवं असेल तर कॅनडाच्याच सुप्रीम कोर्टाचा १९९९ चा बेकर खटला बघा. मेव्हिस बेकर ही जमैकाहून १९८१ मध्ये आलेली बाई, घरकाम करून राहिली, व्हिसाची मुदत केव्हाच संपलेली, चार मुलं कॅनडात जन्मलेली. देश सोडायचा हुकूम निघाला. माणुसकीच्या आधारावर राहू द्या असा तिने अर्ज केला, तो फेटाळला गेला. पत्रात कारण नव्हतं. तिच्या वकिलाने मागितल्यावर खात्याने एका अधिकाऱ्याच्या नोट्स दिल्या, आणि त्या वाचून कोर्ट चमकलं. बाई एकटी आहे, मुलं बरीच आहेत, मानसिक आजार आहे, यावर त्या माणसाने असे शेरे मारले होते की कोर्ट म्हणालं, इथे पूर्वग्रहाची वाजवी शंका येते. निर्णय रद्द झाला. एवढंच नाही, अधिकाऱ्याच्या नोट्स हीच निर्णयाची कारणं धरायची, हे तत्त्व त्या खटल्याने घातलं. आता सांगा, त्या वकिलाने नोट्स मागितल्याच नसत्या तर? तो निर्णय कागदावर अगदी स्वच्छ दिसला असता. त्यातली घाण फक्त टिपणीत होती.

म्हणजे १९९९ पासून नोट्स म्हणजे कारणं. मग कारणं वेगळी का मागवायची? कुटुंब वर्गातला परदेशातून केलेला अर्ज फेटाळला तर स्पॉन्सरला अपील करायला ३० दिवस असतात. आणि नोट्स द्यायला खात्याकडे कायद्याने किती दिवस? ३०. हे गणित ज्याने मांडलं त्याने कधी डेडलाइन पाळलेली नसावी. भाड्याच्या घरात बसलेला नवरा, दोन ओळींचं नकारपत्र, आणि अपिलात नेमकं कशाशी भांडायचंय ते अपिलाची मुदत संपताना कळणार.

"तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही" हे कारण तर आता उरलेलंच नाही. जुलै २०२५ च्या अखेरीस याच खात्याने काही प्रकारच्या अर्जांसाठी, म्हणजे व्हिजिटर व्हिसा, स्टडी परमिट, वर्क परमिट वगैरे, नकाराच्या पत्रासोबत अधिकाऱ्याच्या निर्णयाच्या नोट्स जोडायला सुरुवात केली. न मागता! मी ती बातमी दोनदा वाचली. आभाळ कोसळलं नाही. मग चार महिन्यांसाठी येणाऱ्या पाहुण्याला जे पाकिटात मिळतं, ते आयुष्यभरासाठी येणाऱ्या बायकोलाही मिळायला हवं. आणि नकाराची वाट कशाला बघायची? कागद कमी असेल तर तेव्हाच दोघांनाही कळवा, अर्जदारालाही आणि प्रतिनिधीलाही. एक ऑटोमॅटिक ईमेल. माझ्यासारखा कुणीही हे एका स्प्रिंटमध्ये लिहून देईल.

इथे काही जण म्हणतील, वा रे, भारतात काय दिवे लावलेत? तर लावलेत, थोडे. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(घ) काढून बघा: निर्णयाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणं प्रशासनाने स्वतःहून द्यायची. कागदावर आपण पुढे आहोत. आणि फाइलवरच्या टिपणीसाठी तर आपल्याकडे रण पेटलं होतं. २००६ मध्ये केंद्र सरकार टिपण्या कायद्याबाहेर काढायला निघालं होतं. त्यावर अण्णा हजारे ऑगस्टमध्ये आळंदीला उपोषणाला बसले, आणि सरकारला ती दुरुस्ती बाजूला ठेवावी लागली. अण्णांच्या नंतरच्या राजकारणाबद्दल तुमचं काहीही मत असो (माझंही आहे), पण टिपणी ही काय चीज आहे हे त्या माणसाने इंद्रायणीकाठी बसून ओळखलं होतं. हुकमावर फक्त सही असते. हुकूम का निघाला ते टिपणीत असतं. अर्थात आपलं कलम ४ किती कार्यालयं पाळतात ते तुम्हाला-मला माहीत आहे, आणि आपला कायदा फक्त नागरिकांसाठी आहे, परदेशी अर्जदाराला तो वापरता येत नाही. तेव्हा छाती फुगवायचं कारण नाही. पण "सरकारं अशीच असतात" म्हणून खांदे पाडायचंही नाही.

शेवटी आपल्याच मंडळींना दोन शब्द, कारण शिव्या एकाच बाजूला देणं बरं नाही.

नोट्स म्हणजे पत्रिका नव्हे. दर महिन्याला नव्याने मागवायच्या, कोड ग्रुपवर टाकायचे, आणि मग कुणीतरी जाणता सांगणार की सुरक्षा अजून सुरू झालेली नाही म्हणजे तुला शनि आहे. हा प्रकार थांबवा. पाच डॉलरची वस्तू पन्नास डॉलरला काढून देणारे आणि वर 'विश्लेषण' विकणारे याच भीतीवर जगतात. आणि प्रत्येक फालतू अर्ज त्या रांगेत भर घालतो जिथे खरोखर नकार मिळालेला कुणीतरी ३० दिवस मोजत उभा आहे. नेहमीची मुदत उलटली असेल, विचारणा करून उपयोग झाला नसेल, किंवा नकार आला असेल, तर जरूर मागा. स्वतः मागा. झाकलेला भाग चुकीचा वाटला, किंवा उत्तरच आलं नाही, तर माहिती आयुक्तांकडे तक्रार करता येते आणि तिला फी नाही. कन्सल्टंट केला असेल तर काय चढवलं त्याची पूर्ण प्रत अर्ज टाकला त्याच दिवशी घ्या. माझ्यासारखं अकरा महिने विश्वासाने बसू नका.

आणि इथे मतदार असाल तर आपल्या खासदाराच्या ऑफिसला "माझी फाइल बघा" एवढंच नका सांगू. "ज्या नोट्स व्हिजिटर व्हिसाच्या नकाराला जोडता, त्या स्पॉन्सरशिपलाही जोडा" हेही सांगा. पहिल्या मागणीने तुमचं काम होईल न होईल. दुसरीने तुमच्या मागून येणाऱ्याचं होईल.

माझी ती पीडीएफ मी अजून पुसलेली नाही. त्यातली ती एक ओळ अधूनमधून उघडून बघतो. तीत कुणी वाईट वागलेलं नाही. अधिकाऱ्याने त्याचं काम केलं, पत्र पाठवलं, नोंद केली. नोंद फक्त ज्यांच्याबद्दल होती त्यांना दिसत नव्हती.

असो. पलीकडचा फोन संपलाय, भाजी आणायला जायचंय. पुन्हा भेटू, पुढच्या शनिवारी.